स्प्रिंगची रजा

आचारसंहिता लागली की पनवेलमधल्या स्प्रिंगांना रजा मिळते.

ज्याच्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे त्याने ते रिकामं करून पोलीस ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची आणि निकाल लागला की पावती दाखवून परत आणायचं, असा रिवाज आहे. मॅगझिनमधली काडतुसं काढलेली, म्हणजे आतली स्प्रिंग मोकळी. एरवी वर्षानुवर्षं सात-आठ काडतुसं डोक्यावर घेऊन उकिडवी बसलेली ती बिचारी महिनाभर पाय पसरते. २०२४ साली तिला दोन रजा मिळाल्या, मे महिन्यात मावळ लोकसभेची आणि नोव्हेंबरात विधानसभेची. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक आली तेव्हा तिसरी. लोकशाहीचे फायदे मोजताना हा फायदा कुणी धरत नाही.

मला हे ज्ञान भाडेकरूची नोंद करताना मिळालं. माझ्याकडे बंदूक नाही. एक भाडेकरू आहे, पण त्याच्यासाठी परवाना लागत नाही, फक्त फॉर्म लागतो. तो फॉर्म हातात धरून मी ठाण्यातल्या लांबलचक बाकावर बसलो होतो आणि बाकावरचे बाकीचे सगळे सशस्त्र होते. म्हणजे थोड्याच वेळात नि:शस्त्र व्हायला आलेले होते. इतक्या बंदुकांच्या मधोमध इतकं सुरक्षित आणि इतकं कंटाळवाणं वाटेल, असं मला वाटलं नव्हतं.

माझ्या डावीकडे एक शेठ होते. विमानतळाच्या बाजूला जमीन, जमिनीला भाव, भावातून बंगला, बंगल्यासमोर पांढरी गाडी, गाडीत पिस्तूल, असा त्यांचा प्रवास. उजवीकडे निवृत्त सुभेदारसाहेब, मूळचे साताऱ्याकडचे, आता कळंबोलीत स्थायिक. ते एका बँकेच्या गार्डांची बंदूक जमा करण्यातून सूट मिळावी म्हणून अर्ज घेऊन आले होते. पलीकडे एक चष्म्यातला तरुण. हा तळोजा एमआयडीसीत स्प्रिंगांच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि सासऱ्यांच्या सोबतीला आला होता. सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर कानपूरचं होतं, आणि सासरे त्याच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून झोपले होते.

शेठनी मोबाइल खिशात ठेवला आणि विषयाला हात घातला.

"सुभेदारसाहेब, एक विचारू का? मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग बसते म्हणतात. खरं हाय का?"

"बसते?" सुभेदार म्हणाले. "अवो, झोपते! आणि नेमकी वेळेला उठत न्हाई."

एवढ्यावर माझा फॉर्म अर्धा तास तसाच राहिला.

शेठची दिनचर्या अशी होती. सकाळी देवपूजा झाली की मॅगझिन भरायचं, पिस्तुलाला लावायचं, एकदा कॉक करून बघायचं आणि गाडीत ठेवायचं. रात्री घरी आलं की आधी मॅगझिन काढायचं, कॉक करून नळीतलं काडतूस बाहेर काढायचं, मग मॅगझिन रिकामं करायचं, काडतुसं मोजून त्याच क्रमाने कपाटात, पिस्तूल दुसऱ्या कपाटात. हे सगळं कशासाठी? तर रात्री स्प्रिंगला आराम मिळावा म्हणून. या नियमाने त्यांच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, तो त्यांनी आम्हाला दाखवला. मॅगझिनमधलं शेवटचं काडतूस अंगठ्याने दाबून बसवणं हा प्रकार ज्याने केला आहे त्याला तो घट्टा कळेल. बाकीच्यांनी नव्या पाकिटातले पेन्सिल सेल बसवण्याची झटापट आठवावी आणि तिला चारने गुणावं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की पनवेलच्या या बाकावरची हत्यारं सिनेमातली नसतात. आपल्याकडे सामान्य माणसाला ९ मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही, .३८ मिळत नाही, .३०३ मिळत नाही. हे सगळे निषिद्ध बोअर, म्हणजे पोलीस आणि लष्करासाठी. म्हणून परवानाधारकांचं सगळं विश्व .३२ भोवती फिरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि त्याच दुरुस्तीने लग्नात आनंदाच्या भरात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली. त्यामुळे आता हळदीला फक्त डीजे वाजतो. कानांच्या दृष्टीने फरक पडलेला नाही.

आणि कोकणातली खरी पिढीजात बंदूक म्हणजे शेतीसंरक्षणाची ठासणीची. तिला मॅगझिनच नाही. एक बार उडाला की रानडुकराला जरा थांबायला सांगायचं आणि पुन्हा दारू ठासायला घ्यायची. तिचा मालक स्प्रिंगची काळजी करत नाही, त्याची काळजी डुकराच्या सहकार्याची असते.

तर सुभेदार. त्यांचं मत ठाम होतं आणि त्याला फौजेचा आधार होता. "आमचा उस्ताद सांगायचा, एलएमजीचं मॅगझिन तीसचं, पण भरायचं अठ्ठावीस. दोन कमी. स्प्रिंगला श्वास घ्यायला जागा पायजे." हे खरं आहे. ती एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, ही जुनी ब्रेन. चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनो शहरातल्या मूळ बंदुकीवरून इंग्रजांनी एनफिल्डला बनवलेली, आणि नंतर आपल्याकडे कानपुरात. तिच्या तीसच्या मॅगझिनमध्ये अठ्ठावीस भरायची पद्धत इंग्रजांच्या फौजेपासून आली. स्टेनगनच्या बत्तीसच्या मॅगझिनमध्येही लोक तीसच भरत. पुढे अमेरिकन सैनिक व्हिएतनाममध्ये वीसच्या मॅगझिनमध्ये अठरा भरू लागले. जगभरच्या फौजांचं एका गोष्टीवर एकमत आहे, ते म्हणजे कारखान्याने लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

"मग वीसच्यात अठरा, तीसच्यात अठ्ठावीस," शेठ म्हणाले. "माझं आठचं हाय. त्यात सहा भरली तर पिस्तूल कशाला घेतलं? सासऱ्यांसारखं रिव्हॉल्व्हर नसतं का घेतलं?"

सासरे झोपेतच हसल्यासारखे वाटले.

इतका वेळ इंजिनिअर गप्प होता. हा त्याचा विषय होता आणि आपला विषय निघाल्यावर गप्प बसणारा इंजिनिअर मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी तो खाकरला.

"शेठ, तुमची गाडी कुठे आहे?"

"बाहेर."

"तिला चार स्प्रिंग आहेत चाकांवर. दीड-दोन टन गाडी त्यांच्यावर उभी आहे. रात्री घरी गेल्यावर तुम्ही गाडी जॅकवर चढवता का? स्प्रिंगला आराम मिळावा म्हणून?"

शेठनी विचार केला. खरोखर केला. त्या क्षणी त्यांच्या मनात ड्रायव्हरला रोज रात्री चार जॅक लावायला सांगण्याची शक्यता येऊन गेली असावी, असा माझा कयास आहे.

मग तो सुटलाच. स्प्रिंग दाबून ठेवल्याने थकत नाही, दाबून-सोडून थकते, हे त्याचं म्हणणं. पोलादाची एक मर्यादा असते. तिच्या आत दाबलं की सोडल्यावर ते जिथल्या तिथे येतं, मग तुम्ही दोन मिनिटं दाबा की वीस वर्षं. मर्यादेपलीकडे दाबलं तर पहिल्याच दिवशी वाकतं, त्याला वीस वर्षं लागत नाहीत. मर्यादेच्या अगदी काठावर दाबून ठेवलं तर सुरुवातीला थोडीशी बसते आणि मग बसणं जवळजवळ थांबतं. म्हणूनच कारखान्यात नवी स्प्रिंग गुंडाळली की भट्टीत थोडी तापवतात आणि मग मुद्दाम पूर्ण मिटेपर्यंत काही वेळा दाबतात. जे काय बसायचं ते आमच्याकडेच बसून घे, गिऱ्हाइकाकडे जाऊन बसू नकोस. याला ते प्रीसेटिंग म्हणतात. लग्नाआधी सुनेला हे शिकवायची पद्धत आपल्याकडे होती, असं शेठ म्हणाले. पण त्यांच्या मोबाइलवर तेवढ्यात घरून फोन आला आणि तो मुद्दा तिथेच राहिला.

तारेचं नाव या धंद्यात पियानो वायर. नाव पियानोवरून पडलं आणि ते योग्यच आहे, कारण पियानोतली एकेक तार सत्तर-ऐंशी किलोच्या ताणात पन्नास-पन्नास वर्षं उभी असते. वाजवून झाल्यावर कुणी दोनशे तारा सैल करून झोपत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पोलादाचे ढीग उन्हापावसात पडलेले दिसतात, त्यांच्याकडे मी त्या दिवसापासून जरा आदराने बघतो.

"आणि थकणं बघायचं असेल," इंजिनिअर म्हणाला, "तर बॉनेट उघडा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्हची स्प्रिंग मिनिटाला दीड हजार वेळा दबते. कळंबोलीहून एक्स्प्रेसवेने पुण्याला दीड तासात पोहोचलात तर एक लाख पस्तीस हजार वेळा. एका फेरीत. तुम्ही रोज एकदा मॅगझिन भरता, वर्षाचे तीनशे पासष्ट. खंडाळ्याचा घाट चढायच्या आधीच गाडीच्या स्प्रिंगने तुमच्या पिस्तुलाच्या शंभर वर्षांचं काम केलेलं असतं."

एरवी आकडे ऐकून मला झोप येते. हा आकडा ऐकून मी जागा झालो. वर तो म्हणाला की इंजिन बंद करून गाडी वर्षभर उभी ठेवली तरी त्यातले काही व्हॉल्व्ह उघडेच राहिलेले असतात, त्यांच्या स्प्रिंगा वर्षभर दबलेल्याच. किल्ली फिरवा, गाडी सुरू होते. बॅटरी उतरलेली असेल, पण स्प्रिंगची तक्रार कुठल्याच गॅरेजवाल्याने केलेली त्याने ऐकली नव्हती. हा सगळा नियम मुळात रॉबर्ट हूकचा. गडी एवढा संशयी की १६७६ साली आपला शोध त्याने चौदा अक्षरांचं कोडं करून छापला, दुसऱ्याने चोरू नये म्हणून. उत्तर दिलं ते १६७८ मध्ये: जेवढा ताण, तेवढा जोर. आमच्या बाकावर ते फुकट मिळत होतं.

"मग मॅगझिन खराबच होत नाही म्हणता?" सुभेदारांचा आवाज दुखावलेला होता. पंचवीस-तीस वर्षं पाळलेली गोष्ट एका चष्मेवाल्याने अर्ध्या तासात काढून घ्यायची म्हणजे काय!

"होतं ना. पण स्प्रिंगने नाही. ओठांनी."

मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत वळवलेल्या असतात, त्यांना ओठ म्हणतात. खालून स्प्रिंग वर रेटते आणि काडतूस बाहेर उडून जाऊ नये म्हणून हे ओठ त्याला अडवून धरतात. चांगल्या पोलादाचे असले तर काही होत नाही, पण प्लॅस्टिकचे असले, किंवा मॅगझिन फरशीवर पडलं, तर ओठ फाकतात आणि काडतूस वाकडंतिकडं चढतं. अमेरिकेतल्या एका कंपनीने प्लॅस्टिकच्या मॅगझिनवर ओठांवरचा भार उचलणारं टोपणच दिलं. हे ऐकताच सुभेदारांना सूर सापडला. "कारगिलला इन्सास रायफलीची मॅगझिनं थंडीनं तडकली व्हती," ते म्हणाले. "प्लॅस्टिकची. आतली काडतुसं बाहेरनं दिसायची, लई सोयीचं. पर तडकायची." स्प्रिंगच्या बाबतीत हरलेला माणूस ओठांच्या बाबतीत जिंकला, आणि त्याने समाधानाने तंबाखू मळायला घेतली.

इंजिनिअरचा खरा निशाणा मात्र शेठच्या अंगठ्यावर होता. रोज सकाळी कॉक करताना तेच एक काडतूस नळीत जातं आणि रात्री तेच बाहेर येतं. नळीत शिरताना गोळीच्या टोकाला रोज धक्का बसतो आणि ती केसाएवढी केसाएवढी आत सरकत जाते. दारूला आतली जागा कमी पडते आणि उडताना दाब भलताच वाढतो. "तुमची स्प्रिंग ठणठणीत आहे," तो म्हणाला, "पण ते एक काडतूस जरा वेगळं काढून दाखवा." शेठनी डबी उघडली. एकाच काडतुसाची पितळी चमक गेली होती आणि इतरांशेजारी धरल्यावर त्याची गोळी उघड्या डोळ्यांना दिसेल एवढी आत गेलेली होती. एका स्प्रिंगच्या आरामासाठी बिचाऱ्याने रोज नळीत उतरून बाहेर यायचं, आणि काळजी मात्र स्प्रिंगची! सुभेदारांनी ते काडतूस वेगळ्या कागदात गुंडाळायला लावलं आणि शस्त्रविक्रेत्याकडे द्यायला सांगितलं. मग फौजी आवाजात पुढचं सांगितलं. घरात पोरंबाळं असताना मुळात भरलेलं ठेवायचंच नाही. मॅगझिन काढ, नळी बघ, बोट घालून बघ, कुलूप लाव. कोतमध्ये, म्हणजे फौजेच्या शस्त्रागारात, 'खाली कर' आणि 'जाँच शस्त्र' झाल्याशिवाय हत्यार आत जात नाही, मग घर काय कोतपेक्षा हलकं आहे का? यावर इंजिनिअरचंही दुमत नव्हतं, फक्त कारणाबद्दल होतं. रिकामं ठेवायचं ते मुलांसाठी. स्प्रिंगसाठी नव्हे.

आणि पावसाळा. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वर खाडीची खारी हवा. जूनमध्ये कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तर पियानो वायर काय सुटणार? गंजाचा एक बारीक खड्डा पडला की पुढे तार तिथूनच तुटते. लोक यावर उपाय म्हणून मॅगझिनमध्ये शिवणयंत्राचं तेल ओततात. ते काडतुसाच्या टोपीत मुरण्याची भीती, शिवाय त्यावर धूळ बसून काकवी होते. पुसून कोरडं, तेलाचा हलका हात, बस्स. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवायचं नाही, कारण चामडं पाणी धरतं. हे सांगताना इंजिनिअरने शेठच्या कमरेकडे पाहिलं. तिथे कोल्हापुरी चामड्याचं नक्षीदार म्यान होतं.

भरून ठेवायचं पण वापरायचं नाही, हा स्वभाव केवळ आपला नाही. १८८८ साली इंग्रजांनी पहिली मॅगझिनची रायफल आपल्या सैनिकांना दिली, ली-मेटफर्ड, तेव्हा साहेबाला धसका बसला की हे शिपाई काडतुसं उधळतील. म्हणून मॅगझिनच्या तोंडावर एक सरकती पट्टी बसवली. पट्टी बंद करायची, एकेक काडतूस हाताने घालून उडवायचं, आणि खालचं मॅगझिन भरलेलंच ठेवायचं, अगदी जिवावर बेतलं तरच उघडायला. आमच्या घरी शोकेसमध्ये जपानी कपबशांचा सेट होता, त्याचा कारभार याच धोरणाने चालायचा. पुढे पहिल्या महायुद्धात रायफली भराभर बनवायची वेळ आली तेव्हा ती पट्टी काढून टाकली. आमच्या कपांसाठी तेवढं मोठं युद्ध झालं नाही.

परवान्याचं म्हणाल तर तेही साहेबाचंच. इथून जवळच शिरढोण आहे. वासुदेव बळवंत फडके तिथले, जन्म १८४५ चा. सरकारने १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा आणून परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद केलं आणि पुढच्याच वर्षी शिरढोणच्या या गृहस्थांनी बंड उभारलं. त्यांनी आधी फॉर्म भरला नसावा.

माझा फॉर्म मात्र भरून झाला. शेठचं पिस्तूल जमा झालं, पावती मिळाली. महिनाभर अंगठ्याला काम नाही म्हटल्यावर तो माणूस जरा पोरका दिसू लागला. सासऱ्यांना उठवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "चहा झाला का?" इतकी चर्चा झाली ती त्यांच्या रिव्हॉल्व्हरला लागूच नव्हती. त्याला मॅगझिन नाही, काडतुसं चक्रीत नुसती बसून असतात, त्यांना कोणी खालून ढोसत नाही. घरातल्या ज्येष्ठाने असंच हत्यार घ्यावं.

परतताना बाजारपेठेतल्या एका सराफाच्या दारात मी गार्डजवळ थांबलो. डोक्यात स्प्रिंग शिरली होती, ती कुठेतरी काढायला हवी होती. त्याच्याकडे बारा बोअरची डबल बार होती. घोडे आत दडलेले असतात त्या धर्तीची. या बंदुकीला मॅगझिन नसलं तरी घोड्यांच्या दोन कमानी असतात, आणि गंमत अशी की नळ्या मोडून उघडल्या की घोडे आपोआप चढतात. काडतुसं काढून घेऊन बंद केली तरी ते चढलेलेच राहतात. विलायतेतले जुने शिकारी म्हणून बंदूक पेटीत ठेवण्याआधी खोटी काडतुसं घालून चाप ओढत आणि कमानी मोकळ्या करत. तिथेही हाच वाद शंभर वर्षं चालला.

"काका, घोडे चढलेले आहेत का उतरलेले?" मी विचारलं.

"काय म्हाईत. मी उघडतच नाय."

"का?"

"उघडली की बायामाणसं घाबरतात. आमचा शेठ म्हणतो, दिसू दे, पण हलवू नको."

"आणि वेळ आलीच तर?"

"शटर ओढायचं," तो म्हणाला, आणि वर बोट दाखवलं. "त्याच्यात पण स्प्रिंगच असते साहेब. खाली ओढलं की पिळते. रात्रभर पिळलेलीच. पण तशी नाय तुटत. रोज वरखाली, वरखाली करून तुटते. मागं ऐन धनत्रयोदशीला तुटली. दुकान उघडायची वेळ, बाहेर रांग, आणि शटर वर जाईना. चौघांनी मिळून उचललं. मी पण लागलो."

"आणि बंदूक?"

"ती एका गिऱ्हाइकाला धरायला दिली."